महाविद्यालयाचे पोर्टल, विद्यार्थ्याची माहिती आणि जाहिराती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयाच्या प्रवेश मदत कक्षाचे काम मी पाहतो. कनिष्ठ आणि वरिष्ठ अशा दोन्ही विभागांचे विद्यार्थी व पालक जून-जुलैत खिडकीवर आणि एरवी फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथे केवळ क्रमांक दिला आहे.

१. महाविद्यालयाचे संकेतस्थळ आणि पोर्टल यांत फरक काय? माझी माहिती नेमकी कुठे असते?

संकेतस्थळ कुणालाही उघडता येते; अभ्यासक्रम, शुल्क, सूचना, प्राध्यापकांची नावे त्यावर असतात. पोर्टल म्हणजे लॉगिन केल्यानंतर उघडणारा भाग. तिथे तुमचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात व प्रवर्ग, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, बँक खाते, फोटो, सही, मोबाइल क्रमांक आणि गुण असतात. एका माणसाबद्दल एवढे सगळे एका ठिकाणी गावच्या तलाठ्याकडेही नसते. बहुतेक महाविद्यालये हे सॉफ्टवेअर स्वतः तयार करत नाहीत, तर खासगी कंपनीकडून वार्षिक शुल्कावर घेतात; म्हणजे ही माहिती महाविद्यालयाच्या कपाटात नसून त्या कंपनीने घेतलेल्या सर्व्हरवर असते.

महाडीबीटी (शासकीय शिष्यवृत्तीचे पोर्टल), सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचे पोर्टल आणि २०२५-२६ पासून राज्यभर लागू झालेली अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया या शासनाच्या स्वतंत्र यंत्रणा आहेत. तिथे भरलेली माहिती महाविद्यालयाने फोडली, असे थेट म्हणता येत नाही. उलट बाजूनेही तेच.

२. शिक्षणसंस्थेच्या पोर्टलवर जाहिराती येतातच कशा?

चार वाटांनी येतात, आणि त्यांपैकी दोन वाटांशी महाविद्यालयाचा काहीही संबंध नसतो. पहिली वाट अशी की सॉफ्टवेअर देणारी कंपनी सेवा स्वस्तात किंवा फुकट देते आणि पानावर जाहिरातीची चौकट ठेवून पैसे वसूल करते. दुसरी, महाविद्यालयानेच एखाद्या बँकेची, शैक्षणिक कर्जाची किंवा क्लासची जाहिरात लावलेली असते. तिसरी, तुमच्या फोनमध्ये किंवा नेट कॅफेच्या संगणकात घुसलेले एखादे ॲप किंवा ब्राउझरचे जोडसाधन (एक्स्टेंशन) प्रत्येक पानावर स्वतःच्या जाहिराती चिकटवते. हे ओळखणे सोपे आहे: तेच पान दुसऱ्या फोनवर उघडा, तिथे जाहिरात नसेल तर दोष पहिल्या फोनमध्ये आहे.

चौथी वाट सर्वांत फसवी आहे. तुम्ही पोर्टलवर पोहोचलेलेच नसता. गूगलवर महाविद्यालयाचे नाव टाकले की सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले पान येऊ शकते, आणि ते एखाद्या खासगी विद्यापीठाचे किंवा प्रवेश एजंटाचे असते. ‘ॲडमिशन ओपन’ पाहून नाव, मोबाइल क्रमांक आणि टक्केवारी भरलेली मुले आमच्याकडे येऊन ‘अर्ज तर भरला, पावती का येत नाही’ असे विचारतात. शिक्षणसंस्थांना मिळणाऱ्या पत्त्यांचा शेवट सहसा ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ असा असतो. पत्ता वाचल्याशिवाय एकही रकाना भरू नये.

३. मी एका क्लासची फी मोबाइलवर पाहिली आणि तासाभरात पोर्टलवर त्याच क्लासची जाहिरात दिसली. महाविद्यालयाने माझे नाव विकले का?

बहुधा नाही. क्लासच्या पानावर जाहिरात कंपनीचा छोटा प्रोग्राम असतो. तो तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी नावाची खूण ठेवतो. त्याच जाहिरात कंपनीची चौकट पोर्टलवर असेल, तर ती खूण ओळखली जाते आणि जाहिरात मागोमाग येते. या व्यवहारात तुमचे नाव लागतच नाही.

तरीही लॉगिननंतरच्या पानावर असा प्रोग्राम असता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पानात बसवलेला प्रोग्राम त्या पानाचा पूर्ण पत्ता वाचू शकतो, आणि अनेक पोर्टलांच्या पत्त्यातच बैठक क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक उघडा दिसतो. खूण आणि क्रमांक एकत्र आले की निनावी ग्राहकाचा ओळखीचा विद्यार्थी होतो.

तुमच्या बाजूने एवढे करा: अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये जाहिरातींच्या भागात जाऊन जाहिरात आयडी हटवा. फायरफॉक्स आणि सफारी हे ब्राउझर माग काढणाऱ्या परक्या कुकी मुळातच रोखतात. क्रोममध्ये ती सेटिंग स्वतः बदलावी लागते.

४. निकाल लागला आणि दुसऱ्या दिवसापासून लातूर, संभाजीनगर, पुण्याच्या क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. त्यांना नंबर कुठून मिळतो?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्याचा संशय प्रत्येक वेळी महाविद्यालयाच्या पोर्टलवर असतो. तो कधी खराही असतो. पण गेल्या काही वर्षांत मी ज्या तक्रारींच्या मुळाशी जाऊ शकलो, त्यांत कागदाची वाट अधिक वेळा निघाली.

एक उदाहरण सांगतो. एका मुलीच्या घरी येणाऱ्या फोनवर प्रत्येक जण वडिलांऐवजी तिच्या मामाचे नाव घेऊन ‘आपल्या पाल्याला इतके टक्के मिळाले’ असे बोलत होता. आमच्या पोर्टलवर वडिलांचे नाव होते, बोर्डाच्या अर्जावरही वडिलांचेच. तासभर आठवल्यावर तिला उलगडा झाला. दहावीला ती मामाकडे शिकत होती आणि एका खासगी क्लासने शाळेत येऊन घेतलेल्या मोफत सराव परीक्षेच्या फॉर्मवर तिने पालक म्हणून मामाचे नाव लिहिले होते. नावाखाली मोबाइलचे दहा चौकोन होते, ते तिने घरच्या क्रमांकाने भरले. परीक्षा मोफत होती, कारण मोल त्या दहा चौकोनांचे होते.

‘निकाल एसएमएसने मिळवा’ असे सांगून नाव, मोबाइल आणि ईमेल मागणारी खासगी संकेतस्थळे ही दुसरी मोठी वाट आहे. मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. मोबाइल क्रमांक मागणारे पान निकालाखेरीज दुसऱ्या कामासाठी उभे आहे, असे समजावे. शैक्षणिक मेळाव्यातील लकी ड्रॉ, वसतिगृहाची चौकशी, गावाकडच्या ग्रुपवर फिरणारे गूगल फॉर्म या बाकीच्या वाटा. नेट कॅफेबद्दल प्रश्न ५ पाहा.

फोन थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे फोन रोखण्याची) नोंदणी करा. जाहिरातीचे नोंदणीकृत फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यावे लागतात; साध्या दहा अंकी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला, तर ७ दिवसांच्या आत १९०९ वर किंवा दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या डीएनडी ॲपवर तक्रार करता येते. फोनवर ‘तुम्हाला माझा नंबर कुठून मिळाला’ असे शांतपणे विचारून उत्तर टिपून ठेवावे. बरेच जण फोन ठेवतात; काही जण मात्र खरे सांगून जातात.

५. आमच्या गावात सगळे अर्ज नेट कॅफेवरच भरतात. त्यात धोका काय?

धोका कॅफेत नाही, सवयीत आहे. गर्दीच्या दिवसांत ऑपरेटर ओटीपीसाठी थांबत नाही. तो अर्जात स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि स्वतःचाच ईमेल टाकतो. पासवर्डही सर्वांना एकच देतो आणि तो पावतीच्या कोपऱ्यात पेनाने लिहितो. पुढे महाडीबीटीचा अर्ज त्रुटीसाठी परत आला की ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि मुलाला शिष्यवृत्तीसाठी तालुक्याला खेट्या घालाव्या लागतात. एकाच मोबाइल क्रमांकावर पन्नास-साठ मुलांचे अर्ज आमच्या यादीत दिसतात, ते असे.

शिवाय संगणकाच्या पडद्यावर मुलांच्या नावांचे फोल्डर तसेच राहतात. त्यांत जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, टीसी, आधार, बँक पासबुकाचे पहिले पान असते. ऑपरेटर ते विकतोच असे नाही. बहुतेक जण पुढच्या अर्जाला लागतील म्हणून चांगुलपणाने ठेवतात. पण त्या संगणकावर कुणीही बसतो.

म्हणून मोबाइल क्रमांक घरातल्या माणसाचा आणि वर्षभर चालू राहील असाच द्या. पासवर्ड स्वतः टाइप करा आणि घरी आल्यावर बदला. काम संपल्यावर लॉगआउट करून फोल्डर तुमच्यासमोर, रिसायकल बिनमधूनही, काढायला सांगा. ‘दादा, तेवढं डिलीट करता का’ असे म्हटल्यावर नाही म्हणणारा ऑपरेटर मला अजून भेटलेला नाही.

६. ‘मला सर्व अटी मान्य आहेत’ या चौकोनावर टिक केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. मग ही संमती कसली?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी लागते. शिवाय ती सांगितलेल्या हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती धरली जाते. कायद्यातच उदाहरण आहे: टेलिमेडिसिन ॲपने उपचारासोबत फोनमधील संपर्कयादीचीही परवानगी घेतली, तरी संपर्कयादीपुरती ती संमती धरली जात नाही. प्रवेशासाठी गुणपत्रिका लागते, ‘भागीदार संस्थांकडून उपयुक्त माहिती मिळवण्यासाठी’ मोबाइल क्रमांक वाटणे लागत नाही. हे दोन्ही एकाच चौकोनात कोंबले असेल किंवा टिक आधीच केलेली असेल, तर लेखी आक्षेप घ्यावा. संमतीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय देणेही या कायद्यात बंधनकारक आहे, आणि संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. हे सारे प्रत्यक्षात कधीपासून, ते प्रश्न ७ मध्ये.

७. हा कायदा आज लागू आहे का?

अर्धवट. कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी तेव्हाच सुरू झाल्या. संमती, सूचना, सुरक्षितता, मुलांची माहिती या मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे त्या मे २०२७ पासून लागू होतील. तोवर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ अ आणि २०११ चे नियम हा आधार आहे. तो तोकडा आहे. ‘संवेदनशील’ माहितीच्या त्यातील यादीत पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे आहेत. त्यात जातीचा उल्लेख नाही आणि मोबाइल क्रमांकाचाही नाही. नव्या कायद्याने तर ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. आपल्या भागात वर्गातल्या मुलाचा प्रवर्ग उघड होणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे त्याला ही उणीव समजावून सांगावी लागत नाही.

मूळ आधार मात्र याहून भक्कम आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने म्हटले. शासकीय संस्थेसमोर तो थेट मांडता येतो.

८. मी अकरावीला आहे, वय १६. माझ्यासाठी नियम वेगळे आहेत का?

होय. नव्या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. बालकाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागेल, आणि बालकांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे व त्यांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करणे यांना मनाई असेल. उल्लंघनासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षणसंस्थांना नियमांत सवलत आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी किंवा विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या नजरेपुरती: हजेरीची नोंद चालेल. जाहिरातीला ही सवलत नाही.

मराठवाड्यात बहुसंख्य ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालय वरिष्ठालाच जोडलेले असते आणि पोर्टल एकच असते. बी.ए. प्रथम वर्षातही सतरा वर्षांची मुले असतात. वयानुसार जाहिराती वेगळ्या काढण्याचा खटाटोप करण्यापेक्षा लॉगिननंतरच्या पानांवरून त्या सरसकट काढून टाकणे संस्थेला स्वस्त पडेल.

९. गुणवत्ता यादी नोटीस बोर्डवर आणि संकेतस्थळावर लागते. त्यात माझी जात आणि मोबाइल क्रमांक दोन्ही होते. हे योग्य आहे का?

दोन गोष्टी वेगळ्या करा. आरक्षणाच्या जागा कोणत्या प्रवर्गातून भरल्या हे इतर उमेदवारांना तपासता आले पाहिजे. म्हणून अर्ज क्रमांक, गुण आणि प्रवेशाचा प्रवर्ग यादीत असण्याला कारण आहे. मोबाइल क्रमांक, आधार, जन्मतारीख, घरचा पत्ता, बँक खाते असण्याला काहीही कारण नाही. यादी बहुधा एक्सेलमधून जशीच्या तशी पीडीएफ केलेली असते आणि नको ते स्तंभ काढायचे राहून जातात. आमच्याच कक्षाकडून एका वर्षी असे झाले होते आणि यादी दुपारपर्यंत चार ग्रुपांवर पोहोचली होती. चूक दिसताच प्राचार्यांना कळवा. प्रवेशफेरी संपल्यावर जुन्या याद्या संकेतस्थळावरून काढण्याची मागणीही करा, कारण गूगलच्या शोधात त्या वर्षानुवर्षे सापडतात.

१०. आधार क्रमांक द्यावाच लागतो का?

कशासाठी, यावर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी किंवा परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांना आधार सक्तीचा करता येत नाही. शासकीय शिष्यवृत्ती मात्र आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे महाडीबीटीवर तो लागतो. ओळखीसाठी प्रत द्यायचीच झाली, तर शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून द्या. झेरॉक्सवर कामाचे नाव आणि तारीख लिहून सही करण्याची जुनी पद्धत आजही उत्तम आहे.

११. क्लासने माझा फोटो आणि गुण होर्डिंगवर लावले. मी तिथे फक्त टेस्ट सिरीज दिली होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार विद्यार्थ्याचे नाव किंवा फोटो वापरण्यासाठी लेखी संमती लागते, आणि ती निवड झाल्यानंतर घेतलेली असली पाहिजे. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर घेतलेली सही पुरत नाही. विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम, किती काळ आणि सशुल्क केला की कसा, हेही जाहिरातीत सांगावे लागते. होर्डिंगचा तारखेसह फोटो काढा, क्लासला लेखी कळवा आणि दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोटो महाविद्यालयाने लावला असेल, तर प्रश्न १३.

१२. पोर्टलच्या पत्त्यातील एक आकडा बदलला, तर दुसऱ्या मुलाची गुणपत्रिका उघडली. मी काय करू?

थांबा. आणखी आकडे बदलून पाहू नका, काहीही डाउनलोड करू नका, ग्रुपवर टाकू नका. दोष पोर्टलचा असला तरी परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती काढणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. जे दिसले त्याचा एक स्क्रीनशॉट घ्या, त्यातील नाव झाका आणि प्राचार्यांना त्याच दिवशी ईमेल करा. माहिती फुटल्याची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवणे २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थेचे कर्तव्य आहे. दोष दाखवणाऱ्या मुलालाच दमात घेण्याची आपल्याकडे रीत आहे, म्हणून तोंडी न सांगता लेखी सांगावे.

१३. तक्रार कुणाकडे करायची? कंपनीकडे की महाविद्यालयाकडे?

महाविद्यालयाकडे. नव्या कायद्यातही माहिती गोळा करणारी संस्थाच जबाबदार धरली आहे. काम कंत्राटदाराला दिले म्हणून ती सुटत नाही. वरिष्ठ महाविद्यालयात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते, मग ते विद्यापीठ संभाजीनगरचे असो की नांदेडचे. कनिष्ठ महाविद्यालयासाठी छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर येथील विभागीय शिक्षण उपसंचालकांचे कार्यालय आहे. तुमच्या कागदांवर कुणी कर्ज किंवा सिम काढले असेल किंवा खात्यातून पैसे गेले असतील, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

१४. सॉफ्टवेअर कंपनीशी झालेला करार माहिती अधिकारात मागता येतो का?

शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयाकडून मागता येतो. ‘पोर्टल पुरवठादाराशी झालेल्या कराराची प्रत, त्यातील जाहिरात व माहिती हस्तांतराविषयीची कलमे’ असे नेमके लिहा, १० रुपये शुल्क भरा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. कंपनी व्यापारी गुपिताचे कारण पुढे करू शकते, तेव्हा दराचा भाग सोडून केवळ या कलमांवर अडून राहावे. दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज किंवा दाखला मात्र आता सहज मिळणार नाही, कारण नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) मध्ये बदल होऊन वैयक्तिक माहिती सरसकट नाकारण्याची मुभा मिळाली आहे. व्यापक जनहित दाखवल्यास कलम ८(२) चा मार्ग उरतो.

१५. मी महाविद्यालय सोडले. माझी सगळी माहिती पुसून टाका असे सांगता येईल का?

सगळी नाही. जनरल रजिस्टर, गुणांच्या नोंदी आणि टीसीची प्रत संस्थेला ठेवावीच लागते, आणि तीस वर्षांनी जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी तुम्हालाच त्यांची गरज पडते. पोर्टलवरील फोटो, मोबाइल क्रमांक, बँक खाते आणि प्रसिद्धीसाठी वापरलेली छायाचित्रे काढण्याची मागणी मात्र रास्त आहे.

१६. पोर्टलवर वडिलांचा मोबाइल आहे. माझे वय १९. माझी हजेरी आणि गुण त्यांना परस्पर कळवले जातात. हे थांबवता येईल का?

वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर माहितीवरचा अधिकार तुमचा असतो, शुल्क कोण भरतो यावर तो ठरत नाही. कार्यालयात अर्ज देऊन संपर्क क्रमांक बदलता येतो आणि पालकांना जाणारे संदेश बंद करण्याची विनंतीही करता येते. असे अर्ज आमच्याकडे वर्षाला मोजके येतात, बहुतेक मुलींचे. हजेरी कमी दिसली की शिक्षण थांबवून लग्न ठरवले जाईल, ही त्यामागची भीती काही जणींनी स्वतः सांगितली आहे. अशा अर्जाची खात्री करून घेण्यासाठी कार्यालयाने आधी घरी फोन करू नये, एवढी सूचना आम्ही आमच्या लिपिकांना दिली आहे आणि ती अर्जाच्या फाइलवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.